शेलच्या छिद्रमापनात पुन्हापुन्हा येणारं ३.८ नॅनोमीटरचं टोक आणि न मिटणारा वक्र: कारणं आणि उपाय

शेल म्हणजे चिखलाचा थरदार खडक; त्यातली छिद्रं नायट्रोजन वायू शोषवून मोजतात. नमुना दामोदर खोऱ्यातल्या बॅरन मेझर्स या खडकथराचा असो की खंबायतच्या शेलचा, नायट्रोजनच्या बीजेएच आलेखात (शोषलेल्या वायूवरून काढलेल्या छिद्रांच्या आकारांच्या वितरणात) ३.८ नॅनोमीटरच्या आसपास एक उंच, अरुंद टोक हमखास येतं. सेंद्रिय कार्बन दोन टक्के असो की आठ, टोक जागचं हलत नाही. प्रबंधात मग "या शेलमध्ये ३.८ नॅनोमीटरची छिद्रं प्रामुख्याने आहेत" असं वाक्य पडतं. याच्या जोडीला आणखी तीन तक्रारी येतात: जाण्याचा (दाब वाढवत वायू शोषवतानाचा) आणि येण्याचा (दाब उतरवत वायू सोडवतानाचा) वक्र खाली एकमेकांना मिळत नाहीत, शेवटचा पॉइंट तासन्‌तास संपत नाही, आणि बीईटीचा (पृष्ठफळ काढायच्या समीकरणाचा) सी स्थिरांक उणे येतो.

कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. सेंद्रिय शेल इथे मिळत नाही, नमुने बाहेरूनच येतात. इथल्या लॅबमधल्या ज्या मशीनवर ते लावले जातात, तिच्यावर एरवी झिंक ऑक्साईड, टिटॅनिया, सक्रिय कार्बन अशा पावडरी चालतात आणि मेथड फाइलही (मोजमापाच्या ठरवून ठेवलेल्या सेटिंग्ज) त्यांच्यासाठीच बनवलेली असते. तीच फाइल शेलला लावली की निम्म्या अडचणी तिथेच सुरू होतात. शेलचं पृष्ठफळ बहुधा ग्रॅमला दोन ते वीस चौरस मीटर एवढंच असतं. छिद्रं एक नॅनोमीटरच्या आतपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत पसरलेली असतात, आणि त्यांतली बरीचशी अरुंद तोंडाची असतात.

टोक येतं कुठून

येण्याच्या वक्रावर, म्हणजे दाब उतरवताना, सापेक्ष दाब (वायूचा दाब भागिले ज्या दाबाला तो द्रव होतो तो संपृक्त दाब) ०.५० वरून ०.४२ वर येतो तेव्हा वायूचं प्रमाण एकदम घसरतं. बीजेएच ही घसरण कशी वाचते ते आकड्यांत पाहू. नायट्रोजनसाठी केल्विन त्रिज्या (छिद्रातल्या द्रवाच्या वक्र पृष्ठाची त्रिज्या) म्हणजे ०.९५३ भागिले सापेक्ष दाबाच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉगरिदम. घसरणीचा मध्य ०.४६ धरा. १/०.४६ चा लॉगरिदम ०.७७६, म्हणून केल्विन त्रिज्या १.२३ नॅनोमीटर. भिंतीवर चिकटलेल्या थराची जाडी हॅल्सी समीकरणाने ०.६६ नॅनोमीटर येते. बेरीज १.८९, व्यास ३.८. टोक आलं. यात खडकाचा एकही गुणधर्म वापरलेला नाही. फक्त ०.४६ हा दाब वापरला आहे.

आणि तो दाब नायट्रोजनचा आहे. पाण्याच्या तांब्यासारख्या, तोंड अरुंद आणि पोट मोठं अशा छिद्रात द्रव नायट्रोजन पोटात अडकून राहतो. तोंड ५ ते ६ नॅनोमीटरपेक्षा रुंद असेल तर तोंडातला द्रव आधी उडतो आणि मग पोट रिकामं होतं. तिथे घसरणीवरून तोंडाचा अंदाज बांधता येतो. तोंड त्याहून अरुंद असेल तर मात्र तोंड भरलेलंच राहतं आणि पोटातल्या ताणलेल्या द्रवात आपोआप बुडबुडा फुटतो. नायट्रोजनसाठी ७७ केल्विनला हे ०.४२ ते ०.५० च्या पट्ट्यातच घडतं. तोंड २ नॅनोमीटरचं असो वा ४ चं, फरक पडत नाही. म्हणून त्या टोकावरून एवढंच म्हणता येतं की पोटं मोठी आहेत आणि त्यांची तोंडं ५-६ नॅनोमीटरच्या आत आहेत. हीसुद्धा उपयोगाची माहिती आहे, कारण वायू बाहेर पडताना त्याच तोंडांतून पडतो. पण ती छिद्राच्या आकाराची माहिती नाही.

खात्री करायची असेल तर त्याच फाइलवर बीजेएच जाण्याच्या वक्रावरून काढा. टोक गायब झालं आणि जागी पसरट उंचवटा आला, तर ते बुडबुड्याचंच होतं. ज्यांच्याकडे ८७ केल्विनला आर्गॉन चालवायची सोय आहे त्यांनी दोन्ही वायूंचे येण्याचे वक्र ताडून पाहावेत. दोघांवरून एकच आकार आला तर तो तोंडाचा आकार मानायला हरकत नाही. वेगवेगळे आले तर बुडबुडा.

अहवालासाठी जाण्याचा वक्रच घ्या, आणि शक्य असेल तर एनएलडीएफटी (रेणूंच्या पातळीवरचं गणित वापरणारी पद्धत, थोडक्यात डीएफटी). केल्विन समीकरण १० नॅनोमीटरच्या खाली छिद्राचा आकार वीस-तीस टक्क्यांनी कमी दाखवतं, त्यामुळे बीजेएचचा लहान छिद्रांकडचा भाग तसाही कच्चा असतो. डीएफटी वापरताना कर्नलचं (कोणतं पृष्ठ आणि छिद्राचा कोणता आकार गृहीत धरला त्या गणिती संचाचं) नाव लिहा. "कार्बन, स्लिट छिद्र" हे कर्नल केरोजेनला (शेलमधल्या घन सेंद्रिय पदार्थाला) जवळचं असलं तरी शेलमध्ये इलाइट, क्लोराइट, क्वार्ट्झ आणि पायराइटही असतं. शिवाय या साध्या कर्नलमध्ये १ नॅनोमीटरच्या आसपास एक खोटी दरी पडते. एक टोक खोटं म्हणून सोडलं आणि दुसरी दरी खरी मानली, असं होऊ देऊ नका.

७६० टॉर: कोल्हापुरात हमखास होणारी गल्लत

मेथड फाइलमध्ये संपृक्त दाब, ज्याला लॅबमध्ये सगळे पी-नॉट म्हणतात, मोजण्याऐवजी "७६०" टाकून ठेवलेला असतो. समुद्रसपाटीवर ते बऱ्यापैकी चालतं. कोल्हापूर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ७१० टॉर (टॉर हे दाबाचं एकक) असतो. उघड्या डिवारमधला (थर्मॉससारख्या भांड्यातला) द्रव नायट्रोजन त्या दाबाला उकळतो, म्हणजे ७७.३ ऐवजी ७६.८ केल्विनच्या आसपास. ट्यूबमधला खरा पी-नॉट हवेच्या दाबापेक्षा सहसा थोडाच जास्त असतो. आपण ७१५ धरू.

आता गल्लत कशी दिसते ते पाहा. खरा सापेक्ष दाब ०.९८ असताना मशीन ०.९२ लिहिते. ०.९८ ला केल्विन त्रिज्या ४७ नॅनोमीटर येते, ०.९२ ला जेमतेम १२. म्हणजे जवळजवळ शंभर नॅनोमीटर व्यासाची छिद्रं पंचविशीत जाऊन बसतात. शेलमध्ये मोठ्या छिद्रांचं घनफळच जास्त असतं, त्यामुळे सगळं वितरण डावीकडे सरकतं. बीईटीवर परिणाम कमी होतो, म्हणून पृष्ठफळ ठीक वाटतं आणि कोणाला संशय येत नाही.

ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली, बुडबुड्याचं टोक ३.८ ऐवजी ३.६ ला येतं आणि वक्र ०.४२ ऐवजी ०.३९-०.४० ला मिटतात. या टोकाचा खरा उपयोग हाच: नायट्रोजन आपला दाब बदलत नाही, म्हणून टोक सरकलं की पी-नॉट तपासा. दुसरी, मशीनला ०.९५ पर्यंत जायला सांगितलेलं असतं. ७६० च्या हिशेबाने ते ७२२ टॉर होतात. खरा पी-नॉट ७१५ असल्याने तो दाब कधीच येणार नाही. वायू ट्यूबमध्ये सरळ द्रव होत राहतो, मशीन डोस देतच राहते आणि शेवटचा पॉइंट संपत नाही. मशीन बिघडली म्हणून बोलावलेला इंजिनिअर इथे काहीच दुरुस्त करू शकत नाही.

उपाय सोपा आहे. पी-नॉटसाठी वेगळी नळी असेल तर "प्रत्येक पॉइंटला मोजा" हा पर्याय निवडा. नसेल तर मोजमापाच्या आधी आणि नंतर तरी मोजा. जुन्या फाइली टाकून देऊ नका. कच्च्या नोंदीत मूळ दाब टॉरमध्ये असतो, तो योग्य पी-नॉटने भागून वक्र पुन्हा काढता येतो. त्या दिवशीचा हवेचा दाब शोधताना मोबाइलवरच्या हवामान ॲपचा आकडा घेऊ नका. ते आकडे समुद्रसपाटीला आणून दिलेले असतात, १००८ हेक्टोपास्कल वगैरे. आपल्याला स्थानिक दाब हवा, जो साधारण ९४५ ते ९५० हेक्टोपास्कल असतो. लॅबच्या भिंतीवर एक बॅरोमीटर लावा आणि रोजच्या वहीत आकडा लिहा.

द्रव नायट्रोजनचीही तपासणी हवी. दूध-दुभत्याच्या या जिल्ह्यात जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कॅन सगळीकडे दिसतात, आणि अडीअडचणीला लॅबमध्येही तसल्या कॅनमधला नायट्रोजन येतो. तो बरेच दिवस उघडझाप होत राहिलेला असेल तर हवेतला ऑक्सिजन त्यात विरघळलेला असतो. ऑक्सिजन ९०.२ केल्विनला उकळतो, म्हणून मिश्रणाचं तापमान वर सरकतं. ०.१ केल्विनच्या फरकाने पी-नॉट सुमारे नऊ टॉरने बदलतो. द्रवाला निळसर झाक दिसली तर तो वापरूच नका. ताजा भरा, डिवारच्या तोंडावर झाकण ठेवा, आणि उरलेला पुन्हा मोठ्या कॅनमध्ये ओतू नका.

वक्र खाली मिटत नाहीत

आधी एकच पाहा: ०.४ च्या खाली येण्याचा वक्र जाण्याच्या वक्राच्या वर राहतो, की त्याला छेदून खाली जातो? दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

खाली जात असेल तर दोष मशीनच्या बाजूचा. बाहेरची हवा आत येत असेल तर दाब डोस न देता वाढतो आणि मशीन समजते की खडकाने वायू सोडला. डिवारची पातळी उतरली तरी तेच होतं, कारण ट्यूबचा थंड भाग आखूड होतो. शेलचा एक पूर्ण वक्र बारा तास किंवा जास्तही चालतो, तेवढ्यात पातळी नक्की उतरते. ट्यूबवरची सच्छिद्र बाही जागेवर आहे का बघा, डिवार काठोकाठ भरून सुरू करा, ओ-रिंग पुसा, चीर दिसली तर बदला. मग रिकामी ट्यूब फिलर रॉडसह (ट्यूबमधली मोकळी जागा भरणाऱ्या कांडीसह) चालवा. वक्र शून्याच्या आसपास सपाट आला पाहिजे. त्यानंतर प्रमाणित ॲल्युमिना चालवा. हे दोन्ही बरोबर आले तरच खडकाकडे वळा.

वर राहत असेल तर बहुतेक वेळा कारण घाई हेच असतं. ७७ केल्विनला नायट्रोजनचे रेणू केरोजेनच्या अतिसूक्ष्म छिद्रांत फार सावकाश शिरतात. ऑक्साईड पावडरीसाठी ठेवलेला पाच-दहा सेकंदांचा समतोल कालावधी (प्रत्येक पॉइंटला दाब स्थिर होण्याची वाट पाहायचा वेळ) शेलला पुरत नाही. जाताना पॉइंट कमी वाचला जातो, येताना जास्त. कालावधी ३० सेकंदांवर न्या. मग तोच नमुना कालावधी दुप्पट करून पुन्हा चालवा. कमी दाबाकडचे आकडे दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढले तर अजून समतोल झालेला नव्हता. कालावधी वाढवूनही फट राहिली तर ती खडकाची असू शकते: चिकणमातीच्या पापुद्र्यांचं फुगणं किंवा सेंद्रिय पदार्थाचं मऊपण. तेव्हा तसं स्पष्ट लिहा, वक्र हाताने जोडू नका.

वायू एकूणच कमी शिरत असेल, तर ते कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जास्त दिसतं आणि कारण ओल. कुटलेला शेल उघड्या पिशवीत दोन दिवस राहिला तरी चिकणमाती पाणी धरते, आणि पाण्याने भरलेल्या छिद्रात नायट्रोजन शिरत नाही. नमुना असा तयार करा:

खलबत्त्यात थोडा थोडा घेऊन कुटा. २५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा आणि १८० वर राहणारा भाग घ्या, म्हणजे ६०-८० मेश. वर राहिलेलं पुन्हा कुटा, फेकू नका. ठिसूळ आणि चिवट भाग वेगळे पडले की नमुना मूळ खडकासारखा राहत नाही. बॉल मिल वापरू नका, पिठाइतकं बारीक केलं की बंद छिद्रं उघडतात आणि नवं पृष्ठफळ तयार होतं.

ट्यूबमध्ये दीड ते दोन ग्रॅम घाला. एकूण पृष्ठफळ पाच चौरस मीटरच्या खाली गेलं तर चूक मोजमापाएवढीच मोठी होते. पृष्ठफळ ग्रॅमला दोन चौरस मीटरच्या आसपास असेल तर तीन ग्रॅमपर्यंत जा.

डीगॅसिंग (नमुन्यातलं पाणी आणि वायू काढणं) ११० अंश सेल्सिअसला, निर्वातात, किमान १२ तास. पावसाळ्यात २४. तापमान मिनिटाला दोन अंशांनीच वाढवा आणि निर्वात हळूहळू उघडा, नाहीतर पूड उडून फिल्टरमध्ये बसते आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये. २०० किंवा ३०० अंशांची ऑक्साईडची सवय इथे चालत नाही. बिटुमेन (डांबरासारखा सेंद्रिय पदार्थ) उडतं, जिप्सम पाणी सोडतं, आणि केरोजेन अजून कच्चा असेल तर तोही बदलू लागतो. संपताना पंपापासून ट्यूब तोडून एक मिनिट दाब पाहा. वाढत असेल तर अजून पाणी निघतंय.

वजन डीगॅसिंगनंतरचंच घ्या, आणि रिकामी ट्यूबही नमुन्यासह तोलताना असलेल्याच वायूने भरलेली असताना तोला. दमट दिवसात काचेवर बाहेरून ओल बसते, ती आधी पुसा. हेलियमने रिकामी जागा मोजल्यावर तो अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहू शकतो, म्हणून मुख्य मोजमापाआधी नमुना पुन्हा थोडा वेळ निर्वातात ठेवा किंवा हेलियमची पायरी शेवटी घ्या.

नमुना तेल बनण्याच्या टप्प्यातला असेल तर आणखी एक प्रश्न असतो. छिद्रं बिटुमेनने भरलेली असतात आणि ११० अंशांना ती रिकामी होत नाहीत. सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने पुन्हापुन्हा धुणाऱ्या उपकरणात) डायक्लोरोमिथेनने धुण्याआधी आणि धुतल्यानंतर, दोन्ही वक्र काढा. एकच दिला तर वाचणाऱ्याला कळत नाही की लहान छिद्रं खडकात नाहीत की बुजलेली आहेत.

सी उणे येतो

सॉफ्टवेअर ०.०५ ते ०.३० एवढा पट्टा आपोआप घेतं. सूक्ष्म छिद्रं असलेल्या शेलला तो बहुधा रुंद पडतो. रूकेरोलचा निकष लावा: शोषलेलं प्रमाण गुणिले (१ वजा सापेक्ष दाब) हे जिथपर्यंत वाढतं तिथपर्यंतचेच पॉइंट घ्या, पुढचे सोडा. सी धन हवा. एकेरी थराचा दाब, म्हणजे १ भागिले (सी चं वर्गमूळ अधिक १), निवडलेल्या पट्ट्याच्या आत पडला पाहिजे. सी १०० असेल तर तो दाब ०.०९ येतो. कोणते पॉइंट घेतले ते अहवालात लिहा, नाहीतर दोन लॅबचे आकडे ताडताच येत नाहीत.

२ नॅनोमीटरच्या खाली: कार्बन डायऑक्साईड

इथे नायट्रोजनवर भिस्त ठेवू नका. कार्बन डायऑक्साईड २७३ केल्विनला चालवा. त्या तापमानाला रेणू भराभर आत जातात. त्याचा संपृक्त दाब २६,१४० टॉर आहे, म्हणून साधी मशीन सापेक्ष दाब ०.०३ च्या आतच थांबते आणि साधारण १ नॅनोमीटरपर्यंतची छिद्रं दिसतात. मेथडमध्ये हा आकडा हातानेच भरावा लागतो. तिथे नायट्रोजनचा पी-नॉट राहून गेला की आलेख वाचण्याच्या लायकीचा राहत नाही.

बर्फाचं पाणी म्हणजे बर्फाचे चार खडे टाकलेलं पाणी नव्हे. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक फोडून, त्याच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला. कुल्फीवाल्याच्या मीठ लागलेल्या बर्फाने तापमान शून्याखाली जातं. उलट बर्फ वितळून पाणी २ अंशांवर गेलं तर संपृक्त दाब पाच टक्क्यांनी वाढतो आणि शोषण घटतं. थर्मामीटर आतच ठेवा, तासातासाला बर्फ भरा. फिरत्या पाण्याचा थर्मोस्टॅट असेल तर हा सगळा व्याप वाचतो.

आकडे जोडताना

२ नॅनोमीटरपर्यंत कार्बन डायऑक्साईड, २ ते ५० नायट्रोजन, त्यापुढे पारा (दाबाने छिद्रांत घुसवून), अशी जोडणी प्रचलित आहे. पण पारा तोंड मोजतो, नायट्रोजनचा जाण्याचा वक्र पोट. ६०,००० पीएसआयला पारा ३.६ नॅनोमीटरपर्यंत पोचतो असं गणित सांगतं (पृष्ठताण ०.४८५ न्यूटन प्रति मीटर, स्पर्शकोन १४० अंश धरून). तेवढ्या दाबाखाली शेल स्वतःच दबतो. संपीड्यतेची दुरुस्ती केल्याशिवाय १० नॅनोमीटरच्या खालचा पाऱ्याचा आकडा नायट्रोजनच्या शेजारी ठेवू नका. नायट्रोजनचा वक्र वर सपाट न होता चढतच असेल, जसं शेलमध्ये बहुधा होतं, तर ०.९९ वरच्या घनफळाला "एकूण छिद्र घनफळ" म्हणू नका. मोठी छिद्रं तिथे भरलेलीच नसतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं या सगळ्याला आधार देतात, पण नुसत्या घासलेल्या पृष्ठावर नाही. घासताना कण निखळतात आणि त्यांचे खड्डे छिद्रांसारखे दिसतात. आर्गॉन आयनने तासलेलं पृष्ठ घ्या. तरीही सुमारे ५ नॅनोमीटरच्या खालचं चित्रात मोजू नका, ते वायूवर सोडा.

प्रत्येक वक्रासोबत हे एका ओळीत लिहा: कणांचा आकार, डीगॅसिंगचं तापमान आणि तास, कोरडं वजन, समतोल कालावधी, मोजलेला पी-नॉट, त्या दिवशीचा स्थानिक हवेचा दाब, वितरण कोणत्या वक्रावरून आणि कोणत्या पद्धतीने काढलं. मदत मागताना आलेखाचं चित्र पाठवू नका. कच्चा तक्ता पाठवा, ज्यात मूळ दाब टॉरमध्ये आहे. चित्रावरून पी-नॉटची चूक दुरुस्त करता येत नाही.